शेजारची चटई

१

लग्न होऊन या गावात आल्यापासून साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलांच्या, दिवसांत जागा धरायचं काम नोबुएकडेच होतं. नदीच्या बांधावरची झाडं पुरती फुलली की त्या शनिवारी तिचा नवरा, सेइजी, तिला सकाळीच गाडीने बांधावर सोडायचा. बरोबर निळी ताडपत्री, वाऱ्याने ती उडू नये म्हणून दगड, चहाचा थर्मास आणि विणकाम. मग दुपारी जेवणाच्या वेळेला सेइजी आईला घेऊन यायचा. मधला सगळा वेळ ताडपत्रीवर बसून राहायचं. नोबुएला त्याचा कधी कंटाळा आला नाही. खरं सांगायचं तर वर्षभरात तेवढ्याच वेळी तिला कोणी हाक मारत नसे.

यंदा सेइजीने वेगळं सुचवून पाहिलं. टीव्हीवर किल्ल्याच्या खंदकाकाठची झाडं दाखवत होते. पाण्यावर गुलाबी थर, त्यातून जाणाऱ्या होड्या.

"आई, यंदा किल्ल्यावर जाऊ या का? तिथे बसायला बाकं आहेत. पाय दुमडावे लागणार नाहीत."

"किल्ल्यावर काय, माणसांची डोकी बघायला?" सेइजीची आई, इसो, म्हणाली. ती शहाऐंशीची होती आणि बोलण्यात तिला अजून कोणी हरवलं नव्हतं. "बांधावरच जायचं. वाकड्या झाडाखाली. आणि सूनबाई, अंड्याची वडी यंदा गोड करणार आहेस की कोरडी, ते आधी ठरव. दोन्ही एकदम करतेस."

सारं आयुष्य इसोने चेरीच्या बागेत फळं तोडण्यात घालवलं होतं. साकुराच्या झाडांना ती नावं ठेवायची. नुसती नटतात, फळाचा पत्ता नाही, म्हणायची. तरी दर वसंतात जायचं असायचंच.

यंदा दुसरीही एक गोष्ट होती. पुढच्या सोमवारी इसोला वृद्धाश्रमात न्यायचं ठरलं होतं. हिवाळ्यात ती गॅस पेटता ठेवून परसात जाऊन बसली, पडदा जळाला, तेव्हा सेइजीने तिथे तिचं नाव नोंदवलं होतं. आता खोली मिळाली होती. इसोला हे कोणी सांगितलं नव्हतं. फुलं बघून आल्यावर सांगू, असं नवराबायकोत ठरलं होतं. खोली मिळाल्याचा फोन आला तेव्हा नोबुए बराच वेळ स्वयंपाकघरात नळ सोडून उभी होती. तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. ते तिने नवऱ्याला सांगितलं नाही.

२

शनिवारी सकाळी बांधावर धुकं होतं. नदीपलीकडे गास्सान डोंगरावर अजून बर्फ होता, पण धुक्यात तो दिसत नव्हता. टेकू दिलेल्या, नदीकडे वाकलेल्या त्यांच्या झाडाखालची जागा रिकामी होती. नोबुएने ताडपत्री अंथरली, कोपऱ्यांवर दगड ठेवले, बूट काढून कडेला लावले आणि थर्मासमधला चहा ओतून घेतला.

तेव्हा तिला शेजारची चटई दिसली.

ती ताडपत्री नव्हती. गवती चटई होती, घरात अंथरतात तशी, किनारीला काळी पट्टी, मधे उन्हाने पिवळी पडलेली. तिच्यावर कोणी नव्हतं. डबा नाही, पिशवी नाही, पांघरूण नाही. मात्र चटईच्या कडेने बुटांची ओळ होती. पुरुषांचे काळे बूट, बायकांच्या सपाता, लाकडी खडावांचा एक जोड, एक अगदी लहान मुलाचा लाल बूट आणि त्याला चिकटून दुसरा. सगळ्यांची टोकं बाहेरच्या बाजूला वळवलेली. उठलं की पायात सरकवता यावेत म्हणून नीटस माणसं वळवून ठेवतात तशी.

चालायला गेली असतील, नोबुएला वाटलं. मग वाटलं, अनवाणी? गवत दवाने भिजलेलं होतं आणि गारठ्याने तिची स्वतःची बोटं बधिर झाली होती. गाडीत दुसऱ्या चपला असतील. एवढ्या सगळ्यांच्या? असतील. मोठं कुटुंब दिसतंय, आणि जागा धरायची म्हणून बूट ठेवून गेलेत. तिने स्वतःशी मान हलवली आणि सुया हातात घेतल्या.

थोड्या वेळाने धुकं उठलं. बांधावर माणसं यायला लागली, ताडपत्र्या फडफडल्या, कोणाचा तरी कुत्रा भुंकला. शेजारच्या चटईकडे कोणी फिरकलं नाही. जागा शोधत आलेलं एक जोडपं तिच्यापाशी थांबलं, बायकोने चटईकडे पाहून किंचित मान लववली आणि "माफ करा हं," म्हणून ती दोघं पुढे गेली.

नोबुएने वळून पाहिलं. ती बाई कोणाला म्हणाली? आपल्यालाच म्हणाली असणार. पण आपण तर दुसऱ्या बाजूला बसलोय.

३

दहाच्या सुमाराला पहिला वारा आला आणि पाकळ्या गळायला लागल्या. बहराच्या पहिल्या दिवशी पाकळ्या थोड्याच गळतात, पण त्या दिवशी वारा नदीवरून सरळ येत होता. ताडपत्रीवर, तिच्या विणकामावर, थर्मासच्या झाकणात पाकळ्या पडल्या. ती त्या उचलत बसली नाही. तेवढ्यासाठीच तर यायचं.

चटईवरही पाकळ्या पडत होत्या. थोड्या वेळाने चटईचा बराचसा भाग गुलाबी झाला, आणि मग तिला कळलं की आपण मघापासून कशाकडे बघतोय. चटईवर मोकळ्या जागा राहिल्या होत्या. एखादं माणूस मांडी घालून किंवा गुडघे दुमडून बसलं तर जेवढी जागा व्यापेल तेवढ्या. बहुतेक सगळ्या मधल्या एका जागेकडे तोंड केल्यासारख्या कोंडाळ्यात होत्या. एक जागा छोटी होती.

चटईत खळगे असतील, असं तिने ठरवलं. खाली गवताचे झुबके असतील, तिथून वारा उसळत असेल आणि पाकळ्या सरकत असतील. हे कारण तिला पटण्यासारखं वाटलं. तिने उठून जवळ जाऊन बघायला हरकत नव्हती. ती उठली नाही. सुया थांबल्या होत्या, त्या तिने पुन्हा चालवल्या आणि चटईकडे पाठ येईल अशी सरकून बसली. मग पाठीकडे तेच आहे हे तिला सहन होईना, म्हणून परत वळली.

बुटांची ओळ तशीच होती. फक्त खडावांच्या आणि एका सपातांच्या जोडाच्या मधे थोडी जागा सुटलेली होती. ती आधी होती की नव्हती, हे तिला आठवेना.

४

सेइजी आईला घेऊन आला तेव्हा बांध भरून गेला होता. उतारावरून इसो त्याच्या दंडाला धरून, एकेक पाऊल टाकत आली. अंगात नोबुएने विणलेलं राखी जाकीट होतं आणि पायात चिकटपट्टीचे नवे राखी बूट. ते वृद्धाश्रमासाठी घेतले होते. आत टाचेपाशी नोबुएने शाईने इसोचं नाव लिहिलं होतं, तिकडे तसा नियम होता म्हणून.

ताडपत्रीपाशी पोचल्यावर इसोने आधी झाडाकडे पाहिलं नाही. ती शेजारच्या चटईकडे वळली आणि कमरेत वाकली.

"यंदा अगदी शेजारीच आलात," ती म्हणाली.

"आई, तिथे कोणी नाहीये," सेइजी म्हणाला.

"तुला तुझे मोजे सापडत नाहीत, तू मला सांग कोण कुठे आहे ते."

सेइजी हसला आणि नोबुएकडे पाहून त्याने भुवया उडवल्या. हे आताशा असंच चालायचं. गेल्या महिन्यात आई पडद्याशी बोलत होती. नोबुएने इसोचे बूट काढले, तिला उशीवर बसवलं, डबे उघडले.

"आई, कोण आहेत हे?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नावं कोण विचारतं? फुलं बघायला आलेली माणसं." इसोने वडीचा तुकडा तोंडात टाकला. "कोरडी. मागच्या वर्षी त्या पलीकडच्या झाडाखाली होती. त्याच्या आधी पुलापाशी. मी तुला दाखवलंही होतं. तू म्हणालीस, हो आई. तू सगळ्यालाच हो आई म्हणतेस."

नोबुएला आठवलं. पुलाच्या दिशेने बोट दाखवून इसो काहीतरी म्हणाली होती खरी, आणि ती भात वाढत होती.

"मी कोन्याकू घेऊन येतो," सेइजी म्हणाला. वर रस्त्यावर सोया सॉसमध्ये उकळलेले कोन्याकू कंदाचे गोळे काडीला लावून विकणारी गाडी होती. रांग मोठी होती. तो गेला.

५

इसो थोडा वेळ खात होती. मग तिने चटईच्या दिशेने मान कलती केली. कोणी हळू बोलत असलं की कमी ऐकू येणारी माणसं करतात तशी. "नाही नाही," ती म्हणाली. "सून एकटी बसेल."

"कोणाशी बोलताय, आई?"

"इकडे या म्हणतायत. मी म्हटलं, तू एकटी बसशील."

हिवाळाभर नोबुए नीट झोपली नव्हती. सकाळपासून ती त्या चटईकडे बघून थकली होती. आणि मनात सोमवार घोळत होता. ती म्हणाली, "जायचं असेल तर जा ना, आई. मी काय, बसते इथे."

इसोने तिच्याकडे नीट पाहिलं. तिची नजर स्वच्छ होती. गेल्या कित्येक महिन्यांत इतकी स्वच्छ नव्हती.

"तू म्हणतेस म्हणून जाते," ती म्हणाली. "माझे बूट तिकडे ठेव."

नोबुएने ते राखी बूट उचलले. खडावा आणि सपातांच्या मधे जी जागा होती तिथे ते बरोबर बसले. तिने त्यांची टोकं बाहेर वळवली. हे तिने विचार करून केलं नाही. बूट ठेवायचे तर असेच ठेवतात. इसो गुडघ्यांवर रांगत ताडपत्रीवरून चटईवर गेली, पाकळ्यांतल्या एका मोठ्याशा मोकळ्या जागेच्या शेजारी पाय दुमडून बसली आणि बोलायला लागली.

ती काय बोलते ते नोबुएला कळत होतं. बागेतलं होतं सगळं. शिडी, टोपल्या, कोणा मुकादमाची फजिती. पण आवाज वेगळा येत होता. उघड्यावर माणसाचा आवाज पसरतो, नदीकाठी तर फारच. इसोचा आवाज पसरत नव्हता. कागदी दारं ओढून घेतलेल्या खोलीत कोणी बोलावं आणि आपण पडवीतून ऐकावं, तसा तो बंदिस्त होता. मधूनच कपबशीचा आवाज आला. चटईवर कपबशी नव्हती. इसो हसली. नोबुएने तिला असं, तोंड उघडून हसताना कधी पाहिलं नव्हतं.

नोबुएने हात लांब करून चटईच्या वर धरला. तिथे ऊब होती. शेगडीजवळ असते तशी.

तिने हात मागे घेतला. वर रस्त्यावर सेइजी दिसतो का म्हणून तिने पाहिलं. तो रांगेच्या तोंडाशी पोचला होता आणि हाताने खुणा करत होता, किती काड्या घेऊ? तिने तीन बोटं दाखवली आणि वळली.

चटईवर इसो नव्हती. ती बसली होती तिथे पाकळ्या नव्हत्या.

६

नोबुए मोज्यांवरच पळाली. स्वच्छतागृहापाशी, उताराखाली, पाण्याच्या काठापर्यंत. एका म्हातारबुवांना तिने विचारलं, राखी जाकीट घातलेली आजी दिसली का? ते म्हणाले, दिसली की, तिकडे तुमच्याच ताडपत्रीवर बसल्या आहेत.

इसो ताडपत्रीवर बसली होती. उशीवर, पाठ ताठ, हात मांडीवर. बूट कडेला होते. सेइजी तिच्या हातात कोन्याकूची काडी देत होता.

"कुठे गेला होतात, आई?"

"इथेच होते," इसो म्हणाली आणि हसली. तोंड मिटून, गोड. "तुम्हाला उगीच धावपळ करावी लागली."

सेइजीने मान वर केली. एरवी तू म्हणणारी इसो काय म्हणाली ते नोबुएलाही ऐकू आलं होतं. तुम्हाला.

इसोने कोन्याकूचे गोळे सगळे खाल्ले, वडीही खाल्ली, आणि वडी छान झाली आहे असं म्हणाली. ताडपत्री गुंडाळताना तिने एक टोक धरलं. घरी आल्यावर दारातून आत जाताना थांबून, आल्यागेल्याने म्हणावं तसं "येऊ का?" म्हणाली. सेइजीने घसा खाकरून सोमवारचं सांगितलं. त्याने रात्रभर वाक्यं जुळवली होती, ती लागलीच नाहीत.

"बरं," इसो म्हणाली. "मी तयार राहीन. तुम्हा दोघांना माझा फार त्रास झाला."

सेइजी स्वयंपाकघरात येऊन टेबलाशी बसला. "किती समजूतदारपणे घेतलं गं," तो म्हणाला. "आपण उगाच घाबरलो."

"तुम्हाला त्या आईच वाटतात?"

"म्हणजे?"

नोबुएने दारातले बूट उचलून आणले आणि टाचेपाशी दाखवले. राखी, चिकटपट्टीचे, इसोच्याच मापाचे. आत नाव नव्हतं.

"शाई पुसली गेली," सेइजी म्हणाला. "घामाने पुसते. तू दमली आहेस, नोबुए. झोप जरा."

तो चुकीचं बोलत नव्हता. ती दमली होती, आणि शाई पुसते. तिने पेन आणलं, नाव पुन्हा लिहायला बूट उघडला, आणि टोपण न काढता तसाच ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती एकटी बांधावर गेली. दुपार होती, उन्हात पाकळ्यांचा पाऊस पडत होता, पोरं त्या झेलत पळत होती. वाकड्या झाडाजवळ चटई नव्हती. मात्र गवत सगळीकडे गुलाबी झालेलं असताना तिथे चटईएवढा चौकोन हिरवा होता. तिच्या डोळ्यांदेखत पाकळ्या तिथे येत होत्या आणि पडत नव्हत्या. ती काठाशी उकिडवी बसली आणि तिने हळूच हाक मारली, "आई." शेजारच्या लोकांनी वळून पाहिलं. काहीच झालं नाही. ती उठून घरी आली.

७

सोमवारी वृद्धाश्रमाची गाडी आली. इसोने जाकीट घातलं, दारात दोघांना वाकून नमस्कार केला, शेजाऱ्यांनाही केला. तिला मदत करायला आलेली मुलगी म्हणाली, किती गोड आजी आहेत. गाडी वळेपर्यंत सेइजी रस्त्यात उभा होता. मग खाली बघत आत आला आणि नाक शिंकरायला मोरीत गेला.

नोबुए इसोच्या खोलीत गेली. अंथरूण घडी घालून ठेवलेलं होतं. इसोने कधी अंथरुणाची घडी घातली नव्हती. सूनबाई कशाला आणली मग, म्हणायची. नोबुएने घडी उचलून भिंतीतल्या कपाटाशी नेली, आणि कपाटाच्या सरकत्या दारामागून तिला आवाज ऐकू आला.

नदीचा आवाज होता. लांबवर ताडपत्री फडफडत होती, कुठेतरी पोरं ओरडत होती. जवळून बशा वाजल्या.

शेजाऱ्यांचा टीव्ही, तिला वाटलं. या दिवसांत सगळीकडे साकुराच दाखवतात. पण शेजारी मघाशीच गाडीला हात करून शेतावर गेले होते, ते तिने पाहिलं होतं. मग आवाजांतून एक हसू वर आलं, तोंड उघडून हसलेलं, आणि कोणीतरी म्हणालं, "कोरडीच करते ती. पण हात चांगला आहे."

तिने अंथरूण खाली ठेवलं. दार बोटभर सरकवलं.

आत अंधार असायला हवा होता. नव्हता. फुलांतून गाळून येतो तसला पांढरट गुलाबी उजेड होता, आणि त्यात पाठमोरी माणसं बसली होती. पुरती दिसत नव्हती. फटीतून दिसेल तेवढीच. एक रुंद खांदा. केसांचा अंबाडा. मधे एक राखी जाकीट, पाठीवरची वीण तिची स्वतःची, डाव्या बाजूला एक टाका चुकलेला. ते जाकीट मघाशीच गाडीतून गेलं होतं. जाकीट घातलेली बाई बोलण्यात गुंग होती. तिने वळून पाहिलं नाही.

तिच्या शेजारचं माणूसही वळलं नाही. फक्त थोडं बाजूला सरकलं. मग एक हात मागे आला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर, चटईवर, त्याने हलकेच थोपटलं. बसा.

नोबुएने मान लववली. दुसरं काय करतात? तोंडातून शब्द निघाले, अशा वेळी शेजारपाजारच्यांना म्हणतात तेच, आर्जवाने, हसून.

"यंदा नको. पुढच्या वर्षी नक्की येते."

थोपटणं थांबलं.

तिने दार लोटलं. मोरीतून सेइजीने विचारलं, कोणाशी बोलतेस? आपण काय कबूल केलं ते तेव्हा कुठे तिच्या ध्यानात येत होतं. दारावर तळवा ठेवून ती उभी राहिली. पलीकडे सगळे बोलायचे थांबले होते. मग कोणीतरी, समाधान झालेल्या माणसाच्या आवाजात, "बरं," म्हणालं. चटई झटकल्याचा आवाज आला, आणि घर शांत झालं.